सेलरमधली तोंडी परीक्षा

माझ्या वडिलांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची परीक्षा घ्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. नारायणगुड्याच्या एका ज्युनियर कॉलेजात त्यांनी उभा जन्म इंटरच्या मुलांना केमिस्ट्री शिकवली. अकरावी-बारावीला आमच्याकडे इंटर म्हणतात, आणि ज्या घरात इंटरचं मूल असतं त्या घरात दोन वर्षं कोणी मोठ्यानं हसत नाही. अशा असंख्य घरांशी बाबांचा संबंध आला. त्यामुळे हैदराबादेत कुठेही जा, कोणी ना कोणी "सर!" म्हणून पाया पडायला वाकतोच. बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि तो सरळ उभा राहायच्या आत विचारतात, "सांग, कॅथोडवर काय होतं?"

असे सापडलेले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बँकेचा मॅनेजर हसला आणि त्यानं चहा मागवला. एका लग्नात नवऱ्या मुलाचा काका जेवता जेवता उठून गेला तो परत पंगतीत आला नाही. दाताच्या डॉक्टरांनी तर कमाल केली. बाबांनी चूळ भरून त्यांना प्रश्न विचारला, तसे ते म्हणाले, "सर, तोंड उघडं ठेवा," आणि नंतर बराच वेळ त्यांनी ते मिटू दिलं नाही.

उत्तर कुणालाच येत नाही. सगळे म्हणतात, सर, तुमच्यासारखं कोणी शिकवलं नाही. बाबा घरी येऊन चपला काढतात आणि म्हणतात, "याला माझं सगळं आठवतं, शिकवलेलं सोडून." त्यांना मानसन्मान नको होता. सत्कारात मिळालेली एकुलती एक शाल आईनं केव्हाच इस्त्रीखाली अंथरायला घेतली, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. आपण शिकवलेलं एकाच्या तरी डोक्यात शिल्लक आहे, एवढं त्यांना मरायच्या आधी बघायचं होतं. असं ते जेवताना, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं त्या आवाजात सांगायचे. मला ही फारच साधी इच्छा वाटायची.

आमच्या घराण्यात वकील आणि मास्तर सोडून तिसरं काही निपजलं नाही. आजोबा उर्दूत वकिली करत, बाबा इंग्रजीत केमिस्ट्री शिकवत, आणि मराठी आम्ही तिन्ही पिढ्यांनी देवासाठी आणि भांडणासाठी राखून ठेवली. आई प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. मी कॉमर्स घेतलं आणि सरकारी कचेरीत चिकटले. लग्न केलं नाही, त्यामुळे विद्यानगरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं अजून एकमेकांच्या चुका काढत सुखानं राहतो. दहावीत असताना बाबांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवून इलेक्ट्रोलिसिस शिकवलं होतं. ते इंग्रजीतून समजावत आणि मी मान हलवत असे. नंतर मी कॉमर्सचा फॉर्म आणला तेव्हा ते फक्त म्हणाले, "पण तुला तर सगळं कळत होतं."

इलेक्ट्रोलिसिस हा त्यांचा लाडका धडा. सेल दोन जातीचे असतात, असं ते सांगत. एक टॉर्चमधला. त्यातली क्रिया आपणहून होते आणि वर आपल्याला वीज देते. दुसरा इलेक्ट्रोलिटिक. त्यातली क्रिया आपणहून होतच नाही, बाहेरून वीज ढकलावी तेव्हा कुठे ती नाइलाजानं होते. पहिला म्हणजे वर्गातला हुशार मुलगा आणि दुसरा म्हणजे उरलेला वर्ग. बाबांचं आयुष्य दुसऱ्या प्रकारात गेलं, म्हणून त्याच्यावर त्यांची माया.

आता आमच्या बिल्डिंगविषयी. चार मजले, आठ फ्लॅट, खाली गाड्या लावायची जागा. तिला इथे सेलर म्हणतात, मग ती जमिनीच्या वर असली तरी. नळाचं पाणी एक दिवसाआड येतं आणि बाकीच्या वेळी बोअरचं. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरे थर चढतात, गीझर धापा टाकतो, आणि बिल्डिंगमध्ये कुणाचे केस गळले, कुणाचा गुडघा दुखला, कुणाच्या मुलाला इंटरमध्ये मार्क कमी पडले तरी ठपका बोअरवर येतो. असोसिएशनचे प्रेसिडेंट पहिल्या मजल्यावर राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले, तारनाक्याच्या क्वार्टर्समध्ये राहून नोकरी काढलेले भले गृहस्थ. त्यांनी एका रविवारी पाणी शुद्ध करायच्या मशीनवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. आठही फ्लॅटनी एकदम मशीन घेतलं तर स्वस्तात मिळणार होतं. घ्यायचं की नाही यावर दोन मीटिंगा होऊन भांडणं झाली होती. शेवटी प्रेसिडेंटनी तोडगा काढला. ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "अपने बिल्डिंग में केमिस्ट्री के सर रहते, फिर झगडा कायकू? सर बोले तो फायनल."

बाबांनी रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला. कॉलेज सुटल्यापासून मी त्यांना सकाळी नऊ वाजता इस्त्रीच्या शर्टात पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "पाणी बघायला चाललात की मुलगी?" त्यांनी लक्ष दिलं नाही.

सेलरमध्ये टेबल मांडून त्यावर निळा कपडा अंथरला होता. दोन ग्लास. एकात आमच्या बिल्डिंगच्या टाकीचं पाणी, दुसऱ्यात त्या माणसानं आणलेल्या मशीनचं. दोन्ही दिसायला सारखीच. तो माणूस पस्तिशीचा असेल, गळ्यात टाय, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. बाबा दिसताच त्याचा चेहरा बदलला. तो टेबलाला वळसा घालून आला आणि वाकला.

"पैचाने नै क्या सर? खिडकी के बाजू बैठता था. तीसरा बेंच."

बाबांनी डोक्यावर हात ठेवला. मी मनातल्या मनात म्हटलं, आता बिचाऱ्याचं काही खरं नाही. पण बाबांनी प्रश्न विचारला नाही. इतक्या लोकांसमोर, कामावर असलेल्या माणसाला कशाला अडचणीत टाकायचं, एवढा त्यांनी पोच दाखवला असावा. ते पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

त्या माणसानं एक काळी डबी काढली. डबीला खाली धातूच्या चार कांड्या होत्या, प्रत्येक ग्लासात दोन दोन जातील अशा. प्रत्येक जोडीत एक काळपट आणि एक पांढरट. त्यानं डबी दोन्ही ग्लासांवर ठेवली, वायर लावली, आणि म्हणाला, "अब देखो. पानी में क्या छुपा है, खुद बाहर आता." मग बटण दाबलं.

मशीनच्या पाण्याला काहीच झालं नाही. आमच्या पाण्यात मात्र आधी बारीक बुडबुडे सुटले, मग काळपट कांडीपाशी हिरवट धूर उतरल्यासारखं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता सगळा ग्लास तपकिरी. वर शेवाळ्यासारखे तुकडे तरंगायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींनी पदर तोंडाला लावला. "अय्यो, यइच पी रे हम लोगां?" त्यांच्या यजमानांच्या तोंडचं पाणी पळालं. तो ग्लास खरोखरच गटारातून काढल्यासारखा दिसत होता.

प्रेसिडेंट बाबांकडे वळले. "सर?"

बाबा उठले. ग्लासाजवळ जाऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून आत पाहिलं, मग त्या माणसाकडे पाहिलं. आणि विचारलं, "ॲनोड कोणता?"

मी जमिनीकडे पाहायला लागले.

त्या माणसाचा हात टायच्या गाठीवर गेला. मग म्हणाला, "ये सर. काला वाला. आयर्न." आणि तिथून पुढे तो इंग्रजीत बोलला, इंटरच्या तोंडी परीक्षेत बोलतात तसं, हात पाठीमागे बांधून.

"ॲनोडवर काय होतं?"

"ऑक्सिडेशन, सर. आयर्नचे दोन इलेक्ट्रॉन जातात, आयर्न आयन होऊन पाण्यात उतरतं."

"कॅथोडवर?"

"रिडक्शन. पाणी ते इलेक्ट्रॉन घेतं. हायड्रोजन सुटतो, ते बुडबुडे. मागे हायड्रॉक्साइड आयन राहतात."

"मग हा रंग?"

"आयर्न आणि हायड्रॉक्साइड भेटतात, सर. फेरस हायड्रॉक्साइड, हिरवट. त्याला हवेतला ऑक्सिजन लागला की फेरिक, ते तपकिरी."

बाबांचा आवाज आता वेगळाच लागत होता. "आणि शेजारच्या ग्लासात का होत नाही?"

"त्यात आयन जवळजवळ नाहीत, सर. करंट जात नाही. करंट नाही तर रिॲक्शन नाही."

आठ फ्लॅटचे लोक ऐकत होते. बाबा त्याच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "शाब्बास," ते म्हणाले. "फुल मार्क्स. अगदी फुल मार्क्स." आणि मागे न पाहता जिना चढायला लागले.

मी त्यांच्या पाठोपाठ निघाले तेव्हा प्रेसिडेंट टेबलाशी पोचले होते आणि आंटी विचारत होत्या, मशीन कोणत्या रंगात मिळतं.

घरी बाबा सोफ्यावर बसले ते हसतच होते. "तिसरा बेंच, खिडकीपाशी," ते आईला म्हणाले. "एक शब्द चुकला नाही. फेरस आधी, फेरिक नंतर. हे तर मी नीट शिकवलं आहे की नाही याचीही मला खात्री नव्हती." आई म्हणाली, "खामखा त्या बिचाऱ्याला पोटापाण्याच्या वेळी परीक्षेला बसवलंत. बरं, मग आपण घ्यायचं का मशीन?"

"मशीन?" बाबा म्हणाले. "कशाला?"

"खाली सगळे घेताहेत," मी म्हटलं. "तुम्ही शाब्बास म्हणालात ना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावरून विचित्र आवाज आला की पाहत असतील तसं.

"अगं, तो काय म्हणाला ते ऐकलंस ना? ती घाण पाण्यातली नाही. त्याच्याच कांडीचं लोखंड आहे ते. आपल्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज जाते आणि कांडी विरघळते. मशीनच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून जात नाही. मी एकेक करून विचारलं आणि त्यानं एकेक करून कबूल केलं. सगळ्यांसमोर! यापेक्षा उघड कसं करायचं असतं? मी मुद्दाम मध्ये बोललो नाही. म्हटलं, त्याच्याच तोंडून लोकांना कळू दे."

मी आणि आईनं एकमेकींकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "कुणालाच काही कळलं नाही. लोकांना वाटलं तुम्ही मशीनला पास केलंत."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

"पण तुला मी शिकवलं होतं," ते म्हणाले. "इथे. याच टेबलाशी."

मला हसू यायला हवं होतं. सगळा प्रसंगच हसण्यासारखा होता. फसवणारा माणूस टाय लावून फसवणुकीची कृती पायरीपायरीनं सांगतो, फसणारे लोक त्याच्या विद्वत्तेनं खूश होऊन पैसे काढतात, आणि जे पकडायला आले होते ते बक्षीस देऊन वर जातात. पण बाबांचा चेहरा पाहून मला हसता आलं नाही. त्यांना खालच्या सात मशीनांचं काही वाटत नव्हतं. ते मागचा सगळा हिशेब उलटा तपासत होते, बाकांच्या रांगा, माना हलवणारी मुलं, फुल मार्क्स दिलेल्या उत्तरपत्रिका. यातलं किती जणांना कळलं होतं? माझा जीव तुटला. त्या दिवशी ते दुपारचं जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. आईनं मान्य केल्यासारखं दाखवलं.

संध्याकाळी बेल वाजली. तोच माणूस. टाय काढलेला, हातात मशीनचं मोठं खोकं. खोकं त्यानं दारातच खाली ठेवलं. "ये आपके लिए सर. पैसे नै. गुरुदक्षिणा समझो."

आईनं त्याला बसवलं, पाणी दिलं. ते पाणी टाकीचंच होतं. तो एका घोटात प्यायला.

बाबांनी विचारलं, "सगळ्या ठिकाणी असंच सांगतोस? खरं खरं?"

"नै सर." तो ग्लासाकडे पाहत राहिला. "सब जगे बोलता, ये पानी की गंदगी है. कोई पूछतेच नै. आप पूछे. आप पूछे तो झूट नै निकलता मुंह से, आदत है." मग म्हणाला, "मैं समझा, आज गया मैं. अब सर सबको खोल के बताते. फिर आप शाब्बास बोले."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच गोंधळलेला होता. दिवसभर तो या शाब्बासकीचा अर्थ लावत फिरला असणार, आणि लागला नाही म्हणून मशीन घेऊन आला. माझ्या लक्षात आलं की त्या सकाळी सेलरमध्ये काय चाललंय ते समजणारे दोघेच होते, आणि त्या दोघांनीही एकमेकांना चुकीचं समजून घेतलं.

बाबा उठले. आतून मिठाची बरणी घेऊन आले. "डबी आहे ना? चल खाली."

सगळ्यांना पुन्हा सेलरमध्ये जमवायला मी दारोदार फिरले. आंटी पोळ्या टाकून आल्या. प्रेसिडेंट बातम्या सोडून आले. या वेळी बाबांनी खुर्ची घेतली नाही. त्यांनी सकाळचाच मशीनच्या स्वच्छ पाण्याचा ग्लास सगळ्यांना दाखवला. त्याचं पाणी, त्याच्याच मशीनचं, बरोबर? सगळे म्हणाले, बरोबर. मग बरणीतलं चिमूटभर मीठ त्यात टाकलं, ढवळलं, आणि विद्यार्थ्याला म्हणाले, "लाव." तो बटणापाशी थोडा थांबला. सात ऑर्डरी त्या बटणाच्या पलीकडे होत्या. मग त्यानं दाबलं.

सकाळपेक्षा झपाट्यानं झालं. बुडबुडे, हिरवट, पिवळं, तपकिरी. ते निर्मळ पाणी आमच्या टाकीच्या पाण्यापेक्षा घाण दिसायला लागलं. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पसरले. "देखे? अब समझे?"

"समझे सर," प्रेसिडेंट गंभीरपणे म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या माना मी ओळखत होते. मी स्वतः तशीच हलवलेली होती.

आंटी पुढे आल्या. त्यांनी बाबांच्या हातातली बरणी निरखून पाहिली. "सर, ये कौन से कंपनी का नमक है? हमारे घर में भी यइच है."

बाबांनी पुढचा अर्धा तास काय काय सांगितलं ते मी लिहीत नाही. ते इंग्रजीतून सांगत होते, दखनीतून सांगत होते, मध्येच तेलुगूचे चार शब्द घालत होते, आणि विद्यार्थी शेजारी उभा राहून "हौ सर, करेक्ट सर" म्हणत होता. दोघांनी जीव तोडून सांगितलं. परिणाम एवढाच झाला की मशीनची एकही ऑर्डर रद्द झाली नाही, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हापासून आठपैकी सात घरांत सैंधव खातात. आठवं घर आमचं.

विद्यार्थी जाताना ती काळी डबी बाबांच्या हातात देऊन गेला. म्हणाला, उद्यापासून हे दाखवत नाही, सर. कंपनी त्याला दुसरी डबी देईल हे मला तिथल्या तिथे दिसत होतं, बाबांनाही दिसलं असेल. पण त्यांनी ती घेतली, आणि त्याच्या डोक्यावर परत हात ठेवला. या वेळी प्रश्न विचारला नाही.

वर आल्यावर ते जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर डबी, आणि आईनं ठेवलेला टाकीच्या पाण्याचा ग्लास. मला वाटलं, आता त्यांना एकटं सोडावं. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस जरा."

मी बसले.

"मी तुला हे मराठीत कधी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "मला येतच नाही मराठीत. ऑक्सिडेशनला काय म्हणतात गं?" हे त्यांनी आईला विचारलं.

"मला काय विचारता? मी बेरीज-वजाबाकी शिकवायची," आई आतून म्हणाली.

"मग वजाबाकीच म्हणू." त्यांनी काळपट कांडीला बोट लावलं. "हे लोखंड. वीज याच्याकडून काहीतरी काढून घेते. इलेक्ट्रॉन. याला द्यायचे नसतात, पण द्यावे लागतात. दिले की हे लोखंड म्हणून राहत नाही, पाण्यात जातं. आणि या बाजूला पाणी ते इलेक्ट्रॉन घेतं. इकडे कुणीतरी दिल्याशिवाय तिकडे कुणाला मिळत नाही. एवढंच आहे सगळं." ते अडखळत, शब्द शोधत बोलत होते. वर्गात ते कधी अडखळले नसतील. "आता मी बोलत नाही. तू सांग, सकाळी काय झालं."

मी मान हलवली नाही. ग्लासाकडे पाहत बसले, आणि मग हळूहळू सांगायला लागले. घाण पाण्यात नव्हतीच, ती कांडीतून आली. आपलं पाणी खारट म्हणून त्यातून वीज गेली. मशीनच्या पाण्यात काही नव्हतं म्हणून त्याच्यावर आळ आला नाही. मीठ टाकलं तेव्हा त्याचीही तीच गत झाली. हे बोलत असताना मला एक विचित्र गोष्ट जाणवली, मला ते दिसत होतं. पाठ केलेलं आठवत नव्हतं, दिसत होतं.

बाबांचं तोंड शाब्बास म्हणायला उघडलं. मग त्यांनी ते मिटलं. थोडा वेळ विचार करून विचारलं, "आणि या लोखंडाच्या जागी पेन्सिलीतलं शिसं लावलं तर?"

हे मला माहीत नव्हतं. पूर्वी मी अशा वेळी "हो बाबा" म्हणून सुटका करून घेतली असती. मी विचार करत राहिले. आतून आईनं भांडी लावायची थांबवली.

"शिसं देणार नाही बहुतेक," मी शेवटी म्हटलं. "ते लोखंडासारखं सहज विरघळायचं नाही. पण तिकडच्या बाजूला तर घेणारं बसलेलंच आहे. मग इकडे कुणाला तरी द्यावंच लागेल. दुसरं कोणी नाहीच. म्हणजे पाण्यालाच द्यावं लागेल. पाणी तुटेल, ऑक्सिजन येईल, आणि ग्लास स्वच्छच राहील."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फुल मार्क्स म्हणाले नाहीत, की खांद्यावर थोपटलं नाही.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.